निवडणुकीतली टीका: मुद्दा किती आणि आकस किती, हे कसं ओळखायचं

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर उमेदवारांची धुलाई सुरू होते आणि आपण पण एखादा स्मायली टाकून मोकळे होतो. धुलाई व्हायलाच पाहिजे, पाच वर्षांतून एकदा तर हे लोक हाती लागतात. फक्त त्यातलं किती त्या माणसाच्या कामाबद्दल आहे आणि किती ती बाई आहे म्हणून, तो अमक्या जातीचा आहे म्हणून, तमका पूर्वी रिक्षा चालवायचा म्हणून आहे, हे वेगळं करता आलं पाहिजे. आणि हे काही सभ्यपणा शिकवायला सांगत नाहीये. आकसाने टीका केली की त्या गोंधळात खरा प्रश्न मरतो, आणि ज्याने उत्तर द्यायचं तो अलगद सुटतो, वर सहानुभूती घेऊन जातो. नुकसान आपलंच.

अडचण अशी की शंभर टक्के आकस किंवा शंभर टक्के मुद्दा असं काही सहसा येतच नाही. दोन्ही एकाच मेसेजमध्ये कालवून आलेलं असतं. त्यामुळे "हा मेसेज सेक्सिस्ट आहे का" असं विचारून काही हाती लागत नाही. मेसेजची वाक्यं सुटी करायची आणि एकेक वाक्य हातात घेऊन बघायचं. एक नमुना घेऊ, मीच रचलाय पण असे तुमच्या फोनमध्ये पाच-दहा तरी सापडतील:

"ताईंना निवडून देऊन काय मिळालं? दोन वर्षं झाली मारुती मंदिरामागच्या गटाराचं काम अर्धवट. मीटिंगला ताई गप्प, बोलतात त्यांचे मिस्टर. राखीव वॉर्ड म्हणून लॉटरी लागली नाहीतर कोण ओळखत होतं. रात्री-अपरात्री काही झालं तर बाई माणूस येणार आहे का? चेहरा तर कायम एरंडेल प्यायल्यासारखा. यावेळी विचार करून मत द्या."

आता गटार. हे वाक्य सोनं आहे, कारण ते तपासता येतं. मंदिरामागे जाऊन बघा, फोटो काढा. काम कोणाच्या निधीतून होतं, वर्कऑर्डर कधी निघाली, मुदत कधीपर्यंत होती हे माहिती अधिकारात विचारता येतं, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. आपल्याकडे महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो, त्यामुळे गटार, रस्ता, पाणी सगळं एकात कोंबू नका, त्यावरूनच परत पाठवतात. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, २०२२ पासून मुंबईसकट कित्येक महापालिकांची मुदत संपून तिथे प्रशासक बसलेला होता, सभागृहच नव्हतं. म्हणजे त्या काळात अडकलेल्या कामाचा जाब माजी नगरसेविकेला विचारायचा की आयुक्तांना आणि निवडणूक लांबवणाऱ्या सरकारला, हे तारखा बघून ठरवायला लागतं. तारखा बघितल्याशिवाय फॉरवर्ड करायचं नाही.

मग "बोलतात त्यांचे मिस्टर". हे ऐकून काही जण लगेच म्हणतात की हा बायकांचा अपमान आहे. नाही. हा अगदी रास्त आणि गंभीर आक्षेप आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक संस्थांमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, आणि त्यातल्या किती खुर्च्यांवर प्रत्यक्षात "सरपंच पती" बसतात हे गावात कोणाला सांगायला नको. पण आक्षेप रास्त असला तरी तो झाडायचा कोणावर ते बघा. नमुन्यात सगळा राग ताईंवर. मिस्टरांना मीटिंगला कोणी बसू दिलं? कुठल्याही कायद्यात नवऱ्याला ती खुर्ची दिलेली नाही, तरी ग्रामसेवक, अधिकारी, बाकीचे सदस्य सगळे त्याला "साहेब साहेब" करतात. म्हणून तपासताना सभेला जा, इतिवृत्त मागा, कोणत्या ठरावावर सूचक-अनुमोदक म्हणून ताईंचं नाव आहे ते बघा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रश्न थेट ताईंना विचारा आणि मिस्टरांनी तोंड उघडलं तर त्यांना शांतपणे सांगा की तुम्हाला नाही विचारलं. दोन-तीनदा असं झालं की खरं चित्र कळतं. काही ठिकाणी खरंच बाहुली असते. काही ठिकाणी ताईंना सगळं माहीत असतं फक्त त्यांना कधी कोणी विचारलेलंच नसतं.

लॉटरीचं वाक्य निम्मं खोटं आहे. सोडतीत चिठ्ठी प्रभागाची निघते, उमेदवाराची नाही. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या बाकीच्या बायकांना हरवूनच ही बाई येते आणि मतं सगळ्यांची लागतात. जातीच्या राखीव जागांचं पण तेच. विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी आहेत, तिथे मत देणारे सगळ्या जातींचे असतात. "राखीवमधून आलाय" हा आक्षेप मला आजवर एकदाही कामाच्या हिशोबासोबत आलेला दिसला नाही, तो नुसता टोमणा म्हणूनच येतो. ओळख नव्हती, अनुभव नव्हता असं म्हणायचं असेल तर तसं म्हणा, आणि मग शेजारच्या खुल्या वॉर्डात उभा राहिलेला बिल्डरचा पोरगा, त्याचा अनुभव काय होता तेही लिहा.

रात्री-अपरात्री आणि एरंडेल, ही दोन वाक्यं सरळ टाकून द्या. पहिल्यातून एक कामाचा प्रश्न मात्र काढता येतो, फोन उचलतात का. तो सगळ्या उमेदवारांना लागू करा. मग लक्षात येतं की रात्री अकराला फोन न उचलणाऱ्यांत पुरुषही भरपूर असतात.

म्हणजे सात वाक्यांच्या मेसेजमध्ये कामाची दोन. इतकं करायला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

तोच प्रश्न समोरच्याला

वाक्यं सुटी केल्यावर पुढचं काम म्हणजे तोच प्रश्न विरोधी उमेदवाराला विचारून बघायचा. शिव्या ओळखायला अक्कल लागत नाही, त्या दिसतातच. खरा आकस लपतो तो एकाला विचारलेल्या आणि दुसऱ्याला न विचारलेल्या प्रश्नात.

दोन कलाकारांची गोष्ट बघा. शिरूरचे अमोल कोल्हे टीव्हीवरचे नट, २०१९ मध्ये खासदार झाले आणि नंतर विरोधकांनी त्यांच्यावर टीका काय केली तर हे शूटिंगमध्ये असतात, मतदारसंघात फिरकत नाहीत. टोचणारी टीका होती पण ती वेळेबद्दल होती, आणि ती तपासता येते, दौरे मोजता येतात, संसदेतली हजेरी आणि प्रश्न बघता येतात. नवनीत राणा पण सिनेमातून आलेल्या. २०२४ ला अमरावतीत त्यांच्याविरुद्ध बोलायला मुद्द्यांचा नुसता ढीग होता. २०१९ ला अपक्ष म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर निवडून आल्या आणि २०२४ ला भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्या. जातप्रमाणपत्र हायकोर्टाने २०२१ मध्ये रद्द केलं होतं, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. एवढं सगळं हाताशी असताना संजय राऊतांनी सभेत काय काढलं तर "नाची", डान्सर. एकाच पेशातली दोन माणसं, एकाला विचारलं वेळ कुठे घालवतोस, दुसरीला विचारलं पूर्वी नाचत होतीस ना. हा फरक पकडायला शिकायचं. (राणा हरल्या, बळवंत वानखडे निवडून आले, आणि त्या शब्दाने त्यात एका मताची तरी भर पडली असेल असं मला वाटत नाही.)

असंच २०२१ मध्ये झालं. लावणी कलावंत सुरेखा पुणेकर राष्ट्रवादीत जाणार म्हटल्यावर भाजपचे प्रवीण दरेकर शिरूरच्या सभेत त्या पक्षाला "रंगलेल्या गालाचे मुके घेणारा पक्ष" म्हणाले. पक्षाचं धोरण राहिलं बाजूला. यात बाई आणि तमाशा-लावणीच्या कलावंतांकडे बघायची आपली जुनी खोड, दोन्ही एका दमात आलं.

विशेषणांची पण अशीच अदलाबदल करून बघायची. तो आक्रमक, ती भांडकुदळ. तो रोखठोक, ती उद्धट. तो महत्त्वाकांक्षी आणि तिला खुर्चीची हाव. त्याचं वय झालं तर अनुभवी, तिचं झालं तर "आता नातवंडं सांभाळा". मेसेजमधलं बाईचं नाव काढून तिथे तुमच्या आवडत्या पुरुष नेत्याचं नाव घाला आणि मोठ्याने वाचा. हसू आलं तर समजा की वाक्य कामाबद्दल नव्हतंच. ही युक्ती दर वेळी चालत नाही हेही सांगतो, कारण काही शब्द फक्त बायकांसाठीच बनवलेले असतात, त्यांना पुरुषी जोडीच नाही. पण जोडी सापडत नाही हेच मग उत्तर.

घराणेशाहीचं जरा सविस्तर बोलायला पाहिजे, कारण बायकांवरच्या टीकेत ही सगळ्यात जास्त येते आणि ती बऱ्याचदा खरीही असते. आपल्याकडे तिकीट मिळालेल्या किती बाया कोणाची लेक, सून किंवा बायको नाहीत ते मोजून बघा. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या. त्याच वर्षी लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ पैकी ७, आणि त्या सातांतही राजकीय घराण्यांची नावं पटकन डोळ्यात भरतात. तेव्हा घराणेशाहीवर बोलाच. फक्त बॅनर बघा, आमदाराचा मुलगा उतरला की "युवा नेतृत्व" आणि सून उतरली की "डमी". वडिलांच्या जागेवर पोरगा आला तर वारसा आणि पोरगी आली तर "हिला काय कळतंय". गोव्यात १९७३ मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारल्यावर शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, बापाची लेक म्हणून झाल्या हे खरंच, पण मग १९७९ पर्यंत त्यांनी केलेल्या कारभाराचा हिशोब कारभार म्हणून घ्यायचा ना, लेक म्हणून किती दिवस. महाराष्ट्राला तर आजवर बाई मुख्यमंत्री मिळालीच नाही, त्यामुळे तुलना करायला पण गोव्याला जावं लागतं.

आणि बारामती २०२४. सुप्रिया सुळे आणि अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा, नणंद-भावजय समोरासमोर. अजित पवार सांगत होते की वडिलांना, मुलाला, मुलीला निवडून दिलंत, आता सुनेला द्या, म्हणजे मतदाराला आमंत्रण होतं ते आडनावाचं. त्यावर शरद पवार म्हणाले की मूळ पवार वेगळे आणि बाहेरून आलेले पवार वेगळे. नंतर त्यांनी खुलासा केला की अर्थाचा विपर्यास झाला. पण वाक्य लागलं, सुनेत्रा पवारांच्या डोळ्यात पाणी आलेलं कॅमेऱ्यांनी दाखवलं आणि नंतर दोन दिवस टीव्हीवर तेच. आपल्या घराघरात लेकीला सांगतात तू परक्याची आणि सुनेला सांगतात तू बाहेरची, मग घर नक्की कोणाचं? सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. दोघींनी मतदारसंघातल्या पाण्याबद्दल काय म्हटलं होतं ते आठवतंय का कोणाला.

अपमानाने प्रश्न कसा मरतो

मे २०२२. ओबीसी आरक्षणाचा वाद पेटलेला. मध्य प्रदेशला सुप्रीम कोर्टाकडून दिलासा मिळाला आणि महाराष्ट्राला नाही, इम्पिरिकल डेटा, म्हणजे ओबीसींच्या मागासपणाची प्रत्यक्ष आकडेवारी, का गोळा झाला नाही, हा प्रश्न तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारला विचारायलाच हवा होता आणि सुप्रिया सुळे त्यातल्या एका पक्षाच्या खासदार म्हणून त्यांनाही विचारायला हरकत नव्हती. भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी विचारलाही असता. पण ते बोलून गेले की कशाला राजकारणात राहता, घरी जा, स्वयंपाक करा. झालं. महिला आयोगाची नोटीस, आंदोलनं, मग पाटलांची दिलगिरी. त्यानंतरचे काही दिवस सगळी चर्चा स्वयंपाकावर. इम्पिरिकल डेटा कोणी विचारला? सत्ताधाऱ्यांना यापेक्षा सोपी सुटका मिळाली नसती.

तसंच नोव्हेंबर २०२४, मुंबादेवी. शायना एन. सी. भाजपमधून ऐनवेळी शिंदेंच्या शिवसेनेत आल्या आणि तिकीट मिळालं. मतदाराने विचारावं असा प्रश्न, या इथल्या नाहीत, या मतदारसंघाशी संबंध काय. खासदार अरविंद सावंत हेच म्हणायला निघाले होते आणि म्हणाले काय तर इम्पोर्टेड माल इथे चालत नाही. नागपाडा पोलिसात गुन्हा दाखल, सावंतांची माफी. त्यांचा बचाव असा होता की आपण स्वतःच्या आघाडीच्या उमेदवाराला, काँग्रेसच्या अमीन पटेलांनाही "ओरिजिनल माल" म्हणालो. घ्या, वर सांगितलेली अदलाबदलीची युक्ती त्यांनी स्वतःच लावली. पण पुरुषाला माल म्हटलं की तो धंद्यातला माल होतो आणि बाईला म्हटलं की काय होतं हे मुंबईच्या खासदाराला समजावून सांगायची गरज नसावी. आणि बाहेरचा उमेदवार हा प्रश्न? तो त्या दिवशीच संपला, कारण आता शायना यांना उत्तर फक्त त्या शब्दाला द्यायचं होतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे अब्दुल सत्तार, २०२२, सुप्रिया सुळेंना थेट शिवी. त्यात सुटी करायला वाक्यंच नाहीत. असलं काही आलं तर पाच मिनिटं पण घालवू नका.

आणि हे फक्त बायकांबाबत होतं असं नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एकनाथ शिंदेंना विचारण्यासारखं काय कमी होतं? सुरत, गुवाहाटी, ज्यांच्या नावावर निवडून आलात त्यांना सोडलं कसं. त्याऐवजी रिक्षावाला, रिक्षाचा ब्रेक फेल. शिंदेंनी उलट लिहिलं की रिक्षाच्या वेगापुढे मर्सिडीजचा वेग फिका पडला, आणि तिथून पुढे ते गरिबाघरचे आणि समोरचे बंगल्यातले. ज्याने हिणवलं त्यानेच त्यांना हे भाषण लिहून दिलं.

पुरुषांवर टीका करताना तर बायकाच वापरल्या जातात. बांगड्या भरा, बायल्या, लुगडं नेसा. फेब्रुवारी २०२० मध्ये देवेंद्र फडणवीस "तुम्ही बांगड्या घातल्या असतील, आम्ही नाही" असं शिवसेनेला म्हणाले आणि आदित्य ठाकरेंनी माफी मागायला सांगितलं. बोलण्यात रुळलेला वाक्प्रचार आहे म्हणतात. असेल, पण बांगड्या घालणाऱ्या मतदार निम्म्या आहेत एवढं तरी भाषण लिहिणाऱ्याने मोजावं. आजारपणाचं तेच. उद्धव ठाकरेंचं नोव्हेंबर २०२१ मध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अधिवेशन तोंडावर असताना चार्ज कोणाकडे देणार हा विरोधकांचा सवाल शंभर टक्के बरोबर होता. गळ्यातल्या पट्ट्यावरचे विनोद मात्र त्या सवालाच्या कामाचे नव्हते.

भाषा आणि प्रांत हा अवघड भाग आहे, इथे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. उमेदवाराला मराठी येतं का हे विचारणं मला चूक वाटत नाही, महापालिकेचं कामकाज मराठीत चालतं, वस्तीतली म्हातारी तक्रार मराठीत सांगणार, ती कळली पाहिजे. पण मग बोलून बघा त्याच्याशी. नुसतं आडनाव वाचून "हा बाहेरचा" म्हणालात तर तुम्ही भाषा तपासलेलीच नाही. मुसलमान उमेदवाराला तर चार पिढ्या त्याच गल्लीत राहून पण निष्ठेचं सर्टिफिकेट मागतात, ते शेजारच्या वॉर्डातल्या जोश्यांना किंवा पाटलांना कोणी मागत नाही. मराठी बोलणाऱ्यांतही खानदेशी हेल, वऱ्हाडी हेल ऐकला की हसणारे आहेतच, त्यांना भाषणातलं काय पटलं नाही विचारा, सांगता येत नाही.

जात, धर्म आणि बाईपण एकत्र आलं की वार दुप्पट होतो. अ‍ॅम्नेस्टी इंडियाने २०१९ च्या लोकसभेच्या वेळी ९५ महिला नेत्यांना उद्देशून आलेली ट्विट्स तपासली होती, सातातलं साधारण एक ट्विट शिवीगाळीचं किंवा आक्षेपार्ह निघालं, आणि मुस्लिम व मागास जातींतल्या बायकांच्या वाट्याला धर्म-जातीवरून येणारं त्यातलं आणखी जास्त. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत २०२१ ला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या तेव्हा तर महिला राखीव जागेवर अर्जच बाद झाला. औरंगाबाद खंडपीठात जाऊन अर्ज टिकवला आणि निवडूनही आल्या. म्हणजे काही जणांना टीका ऐकायच्या जागेपर्यंत पोचायलाच कोर्ट लागतं.

ढाल म्हणून वापरलं जातंय का

आता उलटी बाजू, कारण तीही रोज दिसते. खरा प्रश्न विचारला की उमेदवार म्हणतो, मी बाई आहे म्हणून, मी बहुजन आहे म्हणून मला लक्ष्य करताय. हे कसं ओळखायचं? बघायचं एवढंच, त्या तक्रारीत प्रश्नाचं उत्तर कुठे आहे का.

पंकजा मुंडेंचं घ्या, एकाच नेत्याच्या बाबतीत दोन्ही प्रकार मिळतात. २०१५ मध्ये त्या महिला व बालविकास मंत्री असताना २०६ कोटींची खरेदी, एका दिवसात २४ जीआर, टेंडर न काढता, असा चिक्की घोटाळा म्हणून गाजलेला आरोप झाला. यात बाईपणाचा काडीचा संबंध नाही. आकडा आहे, तारीख आहे, जीआर आहे, कोणत्याही मंत्र्याला विचारला असता असा प्रश्न आहे. त्याची चौकशी झाली आणि नंतर लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने क्लीन चिट दिली, प्रश्न आणि उत्तर दोन्ही कागदावर. २०१९ ला परळीच्या प्रचारात धनंजय मुंडेंची एक क्लिप फिरली, चुलत बहिणीबद्दल, म्हणजे पंकजांबद्दल, आक्षेपार्ह बोलल्याचा गुन्हा दाखल झाला, क्लिप मोडतोड केलेली आहे असं त्यांनी सांगितलं. तिथे मात्र कारभाराचा प्रश्न काय होता ते आज कोणाला विचारलं तर सांगता येणार नाही. राणांच्या जातप्रमाणपत्राचं पण चिक्कीसारखंच, ते कोर्टात गेलं, तिथे निकाल लागला, त्याला कोणी आकस म्हणू शकत नाही. "नाची" ला म्हणू शकतं.

हे नीट बघितलं नाही तर माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि बाई उमेदवाराला काही विचारायचंच नाही असं करून बसतो. तेही तिला कमी लेखणंच झालं की.

मग करायचं काय

मोजपट्टी नवीन शोधायची गरज नाही, निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत पहिल्याच भागात लिहिलेलं आहे: टीका करायची ती धोरण, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि काम यावर, आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलायचं नाही. लोकप्रतिनिधी कायद्यात तर उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट आचार आहे, कलम १२३(४), त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. जात-धर्माच्या नावाने मत मागणं १२३(३) मध्ये येतं आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात जणांच्या पीठाने ते मतदाराच्या जातधर्मालाही लागू केलं. बाईचा विनयभंग होईल असं बोलणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, पूर्वीचं आयपीसी ५०९.

तक्रार लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल अ‍ॅपवर करता येते, नगरपालिका-जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते, तिथे वेगळा दरवाजा, हे लक्षात ठेवा नाहीतर चुकीच्या ऑफिसात फेऱ्या. फार मोठ्या शिक्षेची आशा पण ठेवू नका. जयाप्रदांबद्दल बोलल्यावर २०१९ मध्ये आझम खान यांना ७२ तास प्रचारबंदी झाली, हेमा मालिनींबद्दल बोलल्यावर २०२४ मध्ये रणदीप सुरजेवालांना ४८ तास. दोन-तीन दिवस.

त्यापेक्षा ग्रुपवरचं उत्तर जास्त कामाला येतं. तिथे भाषण ठोकू नका, "असं बोलणं शोभत नाही" म्हटलं की ग्रुप दोन तुकड्यांत भांडतो आणि गटार परत बाजूला. मी असं लिहितो: "गटाराचं खरंय का? कोणत्या गल्लीतलं, फोटो टाका, मी अर्ज करतो. बाकीचं राहू दे." नव्वद टक्के वेळा फॉरवर्ड करणाऱ्याकडे फोटो नसतो, त्याला गल्ली पण माहीत नसते. ज्याच्याकडे असतो तो खरोखर चिडलेला मतदार असतो आणि त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

उमेदवाराची माहिती काढायला शपथपत्र बघा, लोकसभा-विधानसभेला नमुना २६, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं आणि आयोगाच्या साइटवर मोफत मिळतं. खासदार असेल तर वर्षाला पाच कोटींचा निधी कुठे गेला ते बघा. हे दोन्ही किंवा तिन्ही प्रमुख उमेदवारांचं शेजारी शेजारी ठेवा. एकाचंच काढून बसलात तर तुम्ही आधीच ठरवलेलं आहे.

आणि स्वतः टीका लिहायची असेल, लिहाच, तर सुरुवातीचाच मेसेज असा लिहिता येतो:

"मारुती मंदिरामागचं गटार दोन वर्षं अर्धवट आहे, फोटो सोबत. वर्कऑर्डर आणि मुदतीची माहिती मागवली आहे, आली की इथे टाकतो. मागच्या मीटिंगमध्ये यावर ताईंच्या ऐवजी त्यांचे पती बोलले. रविवारी कोपरा सभा आहे, तिथे ताईंनी स्वतः उत्तर द्यावं, पतींनी नाही. समोरच्या पॅनलच्या उमेदवारांनाही विचारतोय, निवडून आलात तर हे काम किती महिन्यांत पूर्ण करणार आणि पैसे कुठून आणणार, तारखेसकट सांगा."

हा मेसेज मूळच्यापेक्षा जास्त झोंबतो. ताईंना रडून सुटता येत नाही, मिस्टरांना मध्ये पडता येत नाही, आणि समोरच्या पॅनललाही एरंडेलवर हसत बसता येत नाही, त्यांना आता तारीख द्यावी लागते.